मेघाची रातपाळी

मागच्या महिन्यात मेघाला घेऊन परळच्या हॉस्पिटलात गेले होते. खरं तर आता तीच मला घेऊन जाते. ती आत डॉक्टरांकडे आणि मी बाहेर बाकावर, पिशवी सांभाळत. शेजारी एक बाई बसली होती. तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. बाईने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग हळूच विचारलं, "तुमचीला पण लोक म्हणायचे का हो, नाटक करते म्हणून?"

मी म्हटलं, "म्हणायचे की. घरचेसुद्धा म्हणायचे."

तिचा चेहरा असा काही सैल झाला की मला तिला खूप काही सांगावंसं वाटलं. तेवढ्यात तिचा नंबर पुकारला आणि ती मुलीला उठवून आत गेली. सांगायचं ते माझ्या तोंडातच राहिलं. बालवाडीत तीस वर्षं बडबड करून ज्या बाईचं पोट भरलं तिला गप्प बसणं जमत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही. औषधाचं मला विचारू नये. आमच्या घरात काय झालं, आम्ही कुठे चुकलो आणि कशाने निभावलं, एवढंच मला माहीत आहे.

आमची खोली

मी लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आले तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. नवरा विणकाम खात्यातला, पण साच्याजवळ, म्हणजे मागाजवळ, गेल्याला वर्ष होऊन गेलेलं. माहेरच्यांनी मुलगा गिरणीत कायम आहे म्हणून दिली, आणि मी आले तर कायम मुलगा दिवसभर गॅलरीत उभा. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. संप मोडला असं कोणी तोंडाने म्हटलं नाही, पण हळूहळू माणसं परत कामावर जायला लागली. ह्यांनाही घेतलं, फक्त पाळी निवडायची सोय ठेवली नाही. ह्यांना रातपाळी मिळाली आणि ती गिरणी बंद पडेपर्यंत सुटली नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो म्हणजे काय, हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगायला हवं. खिडकीजवळ एकच खाट. रात्री तिच्यावर सासूबाई, सकाळी त्या उठल्या की हे. ह्यांनी डोळे मिटले की मी दारात पाट आडवा उभा करायची. आमच्या मजल्याचा हा नियमच होता. दार वाऱ्यासाठी उघडं, पण पाट दिसला की आत रातपाळीवाला झोपलाय असं समजायचं. मग कोणी हाक मारत नसे. पोरं गॅलरीत त्या दारापुढून चवड्यांवर जात. शेजारच्या पारकरकाकू कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करत. मासे घेऊन येणारी जनाबाई कोळीण, जिचा आवाज खालच्या नाक्यावरून वर यायचा, ती आमच्या मजल्यावर आली की टोपली टेकवून नुसती बांगडी वाजवायची. गिरणगावात माणसाच्या पगारापेक्षा त्याच्या झोपेला जास्त मान होता, असं मी गमतीने म्हणते, पण ते खरं आहे.

मेघा या घरात वाढली. चालायच्या आधी ती कुजबुजायला शिकली. पुढे गिरणी बंद पडली, ह्यांना एका कुरियरच्या ऑफिसात पाकिटं पोचवायचं काम मिळालं, म्हणजे दिवसाचं. पाट भिंतीला लागला आणि खाट दुपारची रिकामी राहू लागली. मेघा तेव्हा सहावीत होती.

दुखायला लागलं तेव्हा

सुरुवात कुठून झाली ते नक्की सांगता येत नाही. तापाची साथ होती, तिलाही चार दिवस ताप येऊन गेला. ताप उतरला, पण मूल काही उभं राहिना. आज पाय दुखतात, उद्या मान, परवा हाताची बोटं. वेणी घालताना ओरडायची. मला वाटलं, लाड करून घेतेय. पण मग दिसायला लागलं की तिला फ्रॉकचं इलॅस्टिकसुद्धा सहन होत नाहीये. सासूबाई रोज खोबरेल कोमट करून तिचे पाय चोळायच्या. त्यांचे हात शेतात काम केलेले, आणि त्यांची माया हातातून बाहेर यायची. मेघा दात आवळून पडून राहायची, कारण आजीला नको म्हणवत नव्हतं. नंतर मोरीत जाऊन रडायची.

डॉक्टर झाले, वैद्य झाले, एकाने रक्त तपासलं, एकाने फोटो काढला. सगळे रिपोर्ट चांगले. रिपोर्ट चांगला आला की माणसाने पेढे वाटावेत, आम्ही तोंड पाडून घरी यायचो. कारण रिपोर्ट चांगला म्हणजे पोरगी खोटी. नणंद तोंडावर म्हणाली, "वहिनी, शाळा नको म्हणून करते ती. एक ठेवून दे." वर्गाच्या बाईंनी निरोप पाठवला की मेघा मधल्या सुट्टीत हसताना दिसते, मग तासाला तिला कसं दुखतं?

मी तिला ठेवून दिली नाही. तेवढी अक्कल देवाने दिली. पण रात्री ती अंथरुणावर कण्हायची, आणि आम्ही तिघं जागे. परळला राहणाऱ्याला मोठं दुखणं म्हटलं की एकाच हॉस्पिटलचं नाव आठवतं, आणि ते नाव घरात कोणी काढत नाही. मीही काढलं नाही. पण तिच्या मानेखाली हात घालून गाठी चाचपायची सवय मला लागली होती. ती झोपेत हात झटकायची, आणि मला वाटायचं, सापडली की काय.

खाट

त्या दिवसांत जे झालं ते आमच्या चाळीतच होऊ शकलं असतं.

एके दिवशी दुपारी कुरियरच्या फेरीतून हे जरा घरी आले, तर मेघा खाटेवर गाढ झोपलेली. रात्रभर तळमळलेली पोर, तिचा दिवसा डोळा लागला होता. ह्यांनी चपला हातात घेतल्या, आत आले, तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मग भिंतीला लावलेला पाट उचलून दारात आडवा ठेवला.

बस्स. मजल्याला तेवढं पुरलं. बंद पडलेली गिरणीच जणू पुन्हा चालू झाली. पोरं चवड्यांवर चालू लागली. पारकरकाकू कुकर सोडून पातेल्यात भात लावायला लागल्या. जनाबाईने काही न विचारता बांगडी वाजवली. सासूबाईंनी रात्रीचीही खाट सोडली आणि फरशीवर आल्या. म्हाताऱ्या बाईचे गुडघे, पण नातीकडे बघून म्हणाल्या, "माझा काय गो, चेडवाक झोपाक मिळला म्हंजे झाला."

मला इतकं भरून आलं होतं त्या वेळी. घरचे नावं ठेवत होते, शाळा नावं ठेवत होती, आणि ही माणसं माझ्या मुलीसाठी खोकलासुद्धा दाबून धरत होती. हे तर तेव्हापासून संध्याकाळी आल्या आल्या आधी पाट आहे ना ते बघायचे. पंख्याची कुरकुर होते म्हणून त्यांनी रविवारी स्टुलावर चढून त्यात तेल घातलं. ज्या माणसाने आयुष्याची चांगली वर्षं दिवसाउजेडी झोपून काढली, त्याला एकच गोष्ट ठाऊक होती, की थकलेलं शरीर झोपलं की बरं होतं.

मेघा झोपत होती. सकाळी दहाला झोपायची ती चारला उठायची. मग चहा, थोडं खाणं, परत पडायचं. रात्री टक्क जागी आणि अंग ठणकतंय. शाळा सुटली होती ती सुटलीच. पाय बारीक व्हायला लागले. जिना उतरायचा म्हटलं तर धाप लागायची. एक दिवस मला म्हणाली, "आई, मी मोठी झाल्यावर पण अशीच खाटेवर असेन का गं? मग तू म्हातारी झालीस की मला कोण बघेल?"

मी तिच्या केसांतून हात फिरवला, तोही अलगद, तिला दुखेल म्हणून.

नाव कळलं तो दिवस

कुरियरच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की परळच्याच म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आठवड्यातून एकदा लहान मुलांच्या सांधेदुखीची ओपीडी असते. हे खाडा करून आले. टॅक्सी केली, कारण मेघाला बसमध्ये धक्के सहन होत नव्हते. दुपारपर्यंत रांग. समोरच्या बाकावर एक पोर आईच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खात होतं, आणि मेघा त्याच्याकडे बघून हसली. ते बघून मला वर्गाच्या बाई आठवल्या, राग आला. दुखणाऱ्या मुलाने हसू नये असं कुठे लिहिलंय?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, बहुतेक स्वतःच झोपल्या नसाव्यात. सगळे रिपोर्ट त्यांनी वाचले, बाजूला ठेवले आणि मेघाला म्हणाल्या, "ये, टेबलावर बस. मी थोडं दाबून बघणार आहे. दुखलं तर सांग, नाही दुखलं तरी सांग." मग अंगठ्याने मानेच्या मागे, खांद्यावर, कोपराजवळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला असं दाबत गेल्या. कुठे मेघा दचकायची, कुठे नाही म्हणायची. मध्येच त्यांनी कपाळावर दाबलं. मेघा म्हणाली, "इथे नाही." बाई म्हणाल्या, "शाबास."

मग आमच्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हिला दुखतंय. खरंच दुखतंय."

मेघा रडायला लागली. इतके दिवस दुखण्याने रडली होती, पण हे रडणं निराळं होतं, पोटातून आलेलं. ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी मात्र डॉक्टरांसमोरच पदर तोंडाला लावला.

नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. ह्यांना ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, आणि सासूबाईंनी तर प्रयत्नच केला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाडं चांगली आहेत, सांधे चांगले आहेत, हृदय चांगलं आहे, ज्याची तुम्हाला भीती वाटत होती ते नाही. त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही, पण त्यांना कळलं होतं. "दुसऱ्याला जे नुसतं हात लावल्यासारखं वाटतं, ते हिच्या अंगात लाउडस्पीकर लावल्यासारखं मोठं होऊन पोचतं. मुलांना होतं हे. जीव जात नाही, अपंगत्व येत नाही. पण एका गोळीने जात नाही."

मग विचारलं, "दिवसभर काय करते?"

"झोपते," मी म्हटलं. आणि अगदी अभिमानाने सगळं सांगितलं. पाट, कुकर, जनाबाईची बांगडी, सासूबाईंनी सोडलेली खाट. माझी चाळ कशी सोन्यासारखी आहे ते बाईंना कळू दे, असं मला वाटत होतं.

त्यांचं लिहिणं थांबलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, उलट जरा हळव्या झाल्या असं मला वाटलं. म्हणाल्या, "आई, तुम्ही सगळ्यांनी मिळून हिला रातपाळीला लावलंय."

मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं.

"रात्री गाढ झोप लागत नाही म्हणून दुखणं वाढतं. दिवसा झोपते म्हणून रात्री लागत नाही. पडून राहते म्हणून स्नायू दुबळे होतात, म्हणून आणखी दुखतं. तिला सकाळी वेळेवर उठवायचं. दुखत असलं तरी. थोडं थोडं चालवायचं, रोज, बरं वाटलं म्हणून जास्त नाही आणि दुखतंय म्हणून बंद नाही. शाळेत पाठवायचं. आणि घरात आवाज होऊ दे."

रात्री घ्यायचं एक हलकं औषध दिलं, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं, आणि निघताना मला म्हणाल्या, "आणखी एक. दुखतंय का, हे विचारायचं बंद करा. ती सांगेल तेव्हा ऐका. तुम्ही विचारू नका."

घरात भांडण

घरी येऊन मेघा खाटेवर पडली आणि ह्यांनी सवयीने पाटाला हात घातला. मी तो धरला.

"सोड," हे म्हणाले.

"डॉक्टरांनी काय सांगितलं ऐकलंत ना?"

"ऐकलं. तू तिला उठवणार? अंग ठणकतंय पोरीचं, रात्रभर डोळा नाही, आणि तू सकाळी भांडी आपटणार?"

"हो, आपटणार."

"मला नाही जमणार. तुला जमत असेल तर तू कर."

सासूबाई त्यांच्याच बाजूने. "कसली गो ही डॉक्टरीण? दुखणाऱ्या चेडवाक उठवूक सांगता? आमच्यात गुराकसुद्धा असा करणत नाय."

दारात उभं राहून आम्ही तिघं पाटावरून भांडत होतो, तेही कुजबुजत, कारण मेघा झोपली होती. आज हसू येतं. त्या वेळी मला वाटलं, या खोलीत माझी मुलगी मायेनेच मरेल. हे मी बोलून दाखवलं. असे शब्द काढायचे नसतात, पण काढले. हे तसेच खाली निघून गेले आणि जेवायला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बालवाडीतून आल्यावर मी मजल्यावर दारोदार फिरले. लोक आवाज करू नका म्हणून सांगायला येतात, मी आवाज करा म्हणून सांगत होते. पारकरकाकूंना पटेना. "अगं, आम्ही काय राक्षस आहोत का?" म्हणाल्या. मी पुन्हा पुन्हा समजावलं. शेवटी त्यांनी कपाटातून कुकर काढला आणि म्हणाल्या, "बघ हां, पापाचे धनी आम्ही नाही."

जनाबाईला जिन्यात गाठलं. तिने टोपली उतरवली, सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "अगो बाय, आजवर समदे मना गप बस म्हणून सांगत आले. वरड म्हणून सांगनारी तू पयलीच!"

पहिल्या सकाळी

पहिल्या दिवशी मी सात वाजता मेघाला उठवलं. दंडाला धरून. ती किंचाळली. सासूबाई देवासमोर जाऊन बसल्या. हे चहा न पिता कामावर गेले. मेघा दिवसभर भिंतीला टेकून रडत बसली आणि मला म्हणाली, "तुला पण खोटं वाटायला लागलं ना?" दुसऱ्या दिवशीही तेच. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, जनाबाई बांगडे घ्या, बांगडे, करून मजला डोक्यावर घेत होती, आणि माझी मुलगी उशी कानांवर दाबून माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांनी सांगितलेलं खरं, हे मला ठाऊक होतं, पण कसं करायचं ते सांगायला कोणी नव्हतं.

तिसऱ्या सकाळी मला जाग आली तर हे आधीच उठलेले. मी पडूनच बघत राहिले.

रातपाळीच्या माणसाला उठवायचीही एक रीत असते. इतकी वर्षं मी ह्यांना पाळीसाठी उठवत होते. हलवायचं नाही, हाक मारायची नाही, उशीर झाला असं तर मुळीच म्हणायचं नाही. आधी उजेड थोडा करायचा. मग चहा उकळायला ठेवायचा म्हणजे वास आधी पोचतो. मग पायथ्याशी बसून तळपायाखाली हात ठेवायचा, नुसता ठेवायचा, आणि माणूस आपणहून वर येईपर्यंत थांबायचं. तळपायाला जाग लवकर येते. मला हे सासूबाईंनी शिकवलं होतं, त्यांच्या नवऱ्याला त्या तसंच उठवायच्या.

ह्यांनी खिडकीची एक झडप उघडली. स्टो पेटवला. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा चहा केला नव्हता त्याने आल्याचा तुकडा ठेचला. मग खाटेच्या पायथ्याशी बसले आणि मेघाच्या तळपायांखाली दोन्ही हात ठेवून थांबले. बराच वेळ गेला. मेघाने डोळे उघडले.

"बाबा, दुखतंय," ती म्हणाली.

"माहीत आहे," हे म्हणाले. "पाळीला जायचंय. चहा झालाय."

ती रडली, पण उठली. चहा घेऊन दोघं गॅलरीत गेले. त्या दिवसापासून तिला उठवायचं काम ह्यांचं. माझ्या आवाजात कितीही केलं तरी बालवाडीची बाई असते, हे मीही मान्य करते.

थोडं थोडं

आधी गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग एक जिना खाली. मग नाक्यापर्यंत. व्यायामाच्या बाईंनी दाखवलेले हात-पाय ताणायचे प्रकार ती अंथरुणं गुंडाळली की खोलीच्या मधोमध करायची, आणि सासूबाई बाजूला बसून आपले गुडघेही तसेच हलवायच्या. त्यांनी तेल चोळणं सोडलं होतं. गरम पाण्याची अंघोळ झाली की फक्त तिच्या पाठीवर हात ठेवून बसायच्या. चोळायची सवय असलेल्या हाताला नुसतं राहायला किती कष्ट पडतात, ते मी बघितलंय.

आणि ते विचारणं. देवा, जीभ चावून चावून मी अर्धी झाले. सकाळी तिचा चेहरा बघितला की प्रश्न ओठांवर. सासूबाईंनी बरी युक्ती काढली होती. दुखतंय का, असं म्हणायचं असलं की त्या म्हणायच्या, "चाय घेतलंस गो?" दिवसातून दहा वेळा. मेघाला कळायचं. तीही म्हणायची, "घेतला गं आजी, घेतला."

रविवारी हे तिला शिवाजी पार्कला घेऊन जायचे. कट्ट्यावर बसायचं, थोडं चालायचं, परत बसायचं. एकदा तिला बरं वाटत होतं म्हणून दोघांनी पूर्ण फेरी मारली, वर दुसरी अर्धी. दोन दिवस अंथरुणातून उठवेना. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, हे डॉक्टरीणबाईंनी का सांगितलं ते तेव्हा कळलं. घाई आमच्या तिघांनाही नडली. अशी घसरण पुष्कळ वेळा झाली, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की संपलं आता, पहिल्यासारखं झालं. तसं होत नाही. मागे येतं, पण पहिल्या जागेवर येत नाही. त्या बाकावरच्या बाईला मला हे एवढं तरी सांगायचं होतं.

शाळा दिवाळीनंतर सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी मुख्याध्यापिकांशी फोनवर बोलून घेतलं. सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंतच, शेवटच्या बाकावर जागा, मध्ये उठून उभं राहायची परवानगी. सोडायला आणि आणायला मी किंवा हे. दप्तर आम्हीच उचलायचो.

मग एक दिवस मेघा म्हणाली, "उद्यापासून मी एकटी जाते."

हे म्हणाले, "बघू."

"बघू नाही बाबा. सगळ्या एकट्या येतात."

त्या सकाळी

थंडीचे दिवस होते, आणि थंडीत तिचं जास्त दुखतं. आदली रात्र वाईट गेली होती. सकाळी ह्यांनी तिला उठवलं, पण चहाचा कप तिला दोन्ही हातांनी धरावा लागला. ह्यांचा धीर सुटला. "राहू दे आज," म्हणाले. "एक दिवसाने काय होतं?"

मला वाटलं मेघा ऐकणार. ऐकली असती तर मीही काही बोलले नसते, खरं सांगते. तिने कप खाली ठेवला.

"दुखतंय," ती म्हणाली. "आज खूप दुखतंय. पण जाते."

तिने वेणी स्वतः घातली, वेडीवाकडी. दप्तर खांद्याला लावलं, तेव्हा तिचं तोंड वाकडं झालेलं मी बघितलं. जिना उतरली. हे गॅलरीत कठडा धरून उभे राहिले आणि मी, बालवाडीची वेळ व्हायला आली होती तरी, पायात चपला सरकवून तिच्या मागून निघाले. तिला दिसणार नाही अशी, बरंच अंतर ठेवून.

गिरणीच्या भिंतीच्या कडेने ती चालत होती. भिंतीच्या आत पाडापाडी सुरू होती, रस्त्यावर सगळी धूळ. तिची चाल हळू झाली. पुढे एक दुकान अजून उघडलं नव्हतं, त्याच्या पायरीवर ती बसली. दप्तर मांडीवर घेतलं आणि मान खाली घालून गुडघ्यांवर हात ठेवून राहिली.

माझ्या पायांनी धाव घेतली होती. मी लाकडांच्या वखारीचा खांब धरला म्हणून थांबले. तिच्यात आणि माझ्यात दोनच दुकानं होती. हाक मारली असती तर ती वळली असती, माझ्याकडे आली असती, आणि मी तिला घरी नेलं असतं. मला माहीत होतं. खाट होती, घर होतं, आजी होती. मी पदर तोंडात कोंबून उभी राहिले.

कोणीतरी बाई बाजारातून येत होती, ती मेघापाशी थांबली. वाकून म्हणाली, "काय गं बाळा, काय झालं? बरं नाही का? घरी सोडू?"

मेघाने मान वर केली.

"काही नाही मावशी," ती म्हणाली. मला स्पष्ट ऐकू आलं. "जरा बसलेय. उठते आता."

आणि उठली.